पत्रपेटी काय बोलते

४ जुलै, दुपार
आजपासून रोज चाळीस चित्रं. ठरलं म्हणजे ठरलं. आमच्या क्लबची ॲनिमेशन फिल्म नोव्हेंबरात कॉलेजच्या उत्सवात लागणार. गोष्ट: एक विद्यार्थी एका मुलीच्या प्रेमात पडतो आणि रस्त्याकडेची लाल पत्रपेटी होऊन बसतो. ती मुलगी रोज त्याच्या तोंडात पत्रं टाकते. सगळी दुसऱ्यांच्या नावानं. शेवटी पेटी बोलते. एकूण सात मिनिटं.
मुलीचा आवाज सायो त्सुजीचा. तीन वर्षं एका वर्गात आहोत. फिल्म पाहिली की तिला सगळं आपोआप कळेल, मला एक अक्षर बोलावं लागणार नाही. योजनेत खोट काढून दाखवा.
आजची चित्रं: तीन. पेन्सिलींना टोक नव्हतं.

११ जुलै
उकाडा. क्लबची खोली तळघरात, खिडकी नाही. पंखा लावला की कागद उडतात, म्हणून पंखा बंद. क्लबात आता मी आणि सायो धरून तिघंच. तिसरी ओगुरा, दुसऱ्या वर्षाची. रंग आणि कॉम्प्युटर तिच्याकडे. आज म्हणाली, "होरिए-सान, ही पेटी अगदी तुमच्यासारखी झालीय." मी म्हणालो, पेटीला चेहराच नाही. म्हणाली, "तेच म्हणतेय."
हिला विनोद जमत नाही.

१७ जुलै
गिओन उत्सवाची मिरवणूक. सायोनं विचारलं, येतोस का बघायला? पेटीवर पाऊस पडतो तो सीन अर्धा होता. सांगितलं, दिग्दर्शकाला सुट्टी नसते. ती "बरं" म्हणाली. त्या 'बरं'मध्ये आदर होता.
चार वाजता तीच खाली आली, माझ्यासाठी ऑक्टोपस भरलेले गरम गोळे घेऊन. मी तिला थेंबांचं तंत्र समजावलं. दीड तास. गोळे गार झाले. तिनं दोनदा जांभई दाबली. मिरवणुकीत फार चालणं होतं.
थेंब: नऊ.

२ ऑगस्ट
सायोचं रेकॉर्डिंग. मुलीचं वाक्य: "आजही गप्पच का रे?" वाचताना ती माझ्याकडे बघत होती. तांत्रिक चूक, माइककडे बघायला हवं. पुन्हा घेतलं. तिनं विचारलं, "पेटी शेवटी काय म्हणते?" म्हटलं, गुपित. "तुला तरी माहितीये का?" मी गूढ हसलो.
(माहीत नाही. सुचेल.)

१६ सप्टेंबर
सायोला नोकरी लागली. सेंदाईला, मुलांची पुस्तकं काढणारी कंपनी. मार्चअखेर जाणार. मी अभिनंदन केलं, वाकून, व्यवस्थित. ती दारातच उभी राहिली. शेवटी मीच विचारलं, काही राहिलं का? म्हणाली, "माझं काही नाही राहिलं."
गेली. ओगुरानं कॉम्प्युटरवर डोकं टेकवलं. बहुतेक मशीन अडकलं असावं.
माझ्या दृष्टीनं चांगलंच झालं. दबावाखाली मी उत्तम काम करतो.

२० ऑक्टोबर
पेटीसाठी एकतीस वाक्यं लिहिली, एकतीस फाडली. फिल्म चौदा मिनिटांची झालीय. पेटी उभी. पेटीवर पाऊस. पेटीवर बर्फ. पेटीवर मांजर. बोलायची वेळ आली की मी नवा ऋतू काढतो.
अभ्यास म्हणून कॉलेजसमोरच्या खऱ्या पेटीपाशी जाऊन उभा राहिलो. तासभर. पाय जड झाले, उचलवेनात. एक आजी आल्या, म्हणाल्या, "बाळा, सरक जरा, पत्र टाकायचंय." सरकायला फार वेळ लागला.
तळघरात परतल्यावर बरं वाटलं. हे लिहायला नको होतं.

२३ नोव्हेंबर
फिल्म लागली! प्रेक्षक अठरा. शेवटच्या सीनमध्ये पेटीचं तोंड उघडतं. चाळीस सेकंद उघडंच राहतं. मग काळोख. टाळ्या पडल्या. एक गृहस्थ म्हणाले, फार धाडसी शेवट. ओगुरा त्यांना म्हणाली, "शेवट नाहीये तो. यांना सुचलाच नाही."
बाहेर सायकलपाशी सायो थांबली होती. म्हणाली, "मी मागचं वर्षभर वाट बघितली, होरिए. आणि हे वर्षही." मग म्हणाली, "फिल्मची नाही."
मी विचारलं, मागच्या रांगेत आवाज नीट येत होता ना?
ती म्हणाली, "येत होता."
सायकलवर बसली नाही. हातात धरून चालत गेली. मी ती वळेपर्यंत बघत होतो. मागं धावलो असतो तर चाळीस पावलं.

२४ नोव्हेंबर
विश्लेषण: तिच्या मनावर परिणाम झालाय. घाई नको. मार्चपर्यंत वेळ आहे.

२७ मार्च, दुपार
आज सकाळी स्टेशनवर गेलो. दोन वाक्यं पाठ केली होती. सायोची बॅग उचलली, फलाटापर्यंत नेली. ओगुरा आली होती, पण मुद्दाम लांब थांबली.
गाडी लागली. सायो दारात उभी राहून म्हणाली, "बोल. दोन मिनिटं आहेत."
इतकं सरळ आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझं तोंड उघडलं. बराच वेळ उघडं होतं, बहुतेक. मग मी म्हणालो, "सेंदाईला थंडी असेल. स्वेटर घेतलायस ना?"
म्हणाली, "घेतलाय." हसली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.
दार बंद झालं.
परतताना ओगुरा बसमध्ये शेजारी बसली. एक टोमणा नाही. उतरताना म्हणाली, "जेवून घ्या, होरिए-सान."
माझे दोन विषय राहिलेत. अजून एक वर्ष इथंच, याच तळघरात.
मला सायो आवडते.
हे एवढं लिहायला साडेतीन वर्षं लागली. खोलीत कुणी नाही, म्हणून मोठ्यानं म्हणून पाहिलं. नावापर्यंत आलो आणि आवाज बसला. पाणी प्यायलो. पुन्हा म्हटलं. आता नीट आलं, स्पष्ट, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं.
साडेबारा वाजलेत. गाडी सेंदाईच्या वाटेवर नागोयाच्याही पुढं गेली असेल.