सात गोष्टींच्या सिनेमातली पाचवी

मामाजी,

तुमच्या डब्यांना विचारणारं माणूस अखेर आलं. पुण्याहून आलं. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी, पाठीला सॅक, केस मुलासारखे कापलेले. जुने, कोणाच्या ध्यानीमनी नसलेले चित्रपट जपून ठेवणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. इथल्या शाळेतल्या एका बाईंची भाची तिच्या ओळखीची, तिच्याकडून तिला कळलं. पलंगाखालून डबे ओढून तिनं पहिल्याचं झाकण काढलं आणि फिल्म आधी नाकाजवळ नेली, मग डोळ्याजवळ, थेट तुमच्यासारखी. मी हातातला पाण्याचा पेला तसाच धरून दारात उभी राहिले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत त्या डब्यांना असा जाणता हात लागला नव्हता. मी फक्त त्यांच्यावरची धूळ पुसत आले.

अकोल्याहून या घरात यायचं ठरलं तेव्हा माहेरी केवढा बोभाटा झाला होता. सासरे पिक्चरच्या लाइनीतले, असं कोणीतरी सांगितलेलं. मैत्रिणींना वाटलं, अमरावतीच्या त्या घरी नट-नट्या जेवायला येत असतील. येऊन पाहते तर तुम्ही चेकर. वऱ्हाडातल्या टॉकीजना पिक्चरच्या पेट्या अमरावतीच्या वितरकाच्या कचेरीतून जायच्या, आणि परत आलेलं प्रत्येक रीळ टेबलावर फिरवायचं, फिल्म चिमटीतून सोडत कुठं फाटली, कुठं कडेची भोकं तुटली ते बोटांनीच ओळखायचं, कापायचं, जोडायचं, हे तुमचं काम. तीस वर्षं. तुमच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. तुमच्या टेबलावरून फाटकी फिल्म पुढं गेली असं कोणाला कधी म्हणता आलं नाही, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंत आणि पुढंही दर आठवड्याला सांगत राहिलात.

कचेरी बंद पडली तेव्हा मालकानं जुना माल भंगारात काढला. तुम्ही म्हणे शाल-नारळ नको म्हणालात आणि शाळांमधून पिक्चर दाखवायचा लहान प्रोजेक्टर आणि हे सात डबे मागून घेतलेत. सात डबे मिळून एकच सिनेमा. सगळा चित्रांचा, कोण्या थंड मुलखातला, सात जणांनी काढलेल्या सात वेगळ्या गोष्टी, आणि बोलणं अजिबात नाही. एक शिंपी फाटलेली नदी शिवतो. एका म्हातारीचे वाळत घातलेले कपडे वारा घालून बघतो. एकाची सावली त्याला झोपलेला ठेवून बाजारात जाते. दोन गोष्टींच्या मध्ये छत्रीवाला एक म्हातारा डावीकडून उजवीकडे चालत जातो आणि तो गेला की पुढची सुरू. कचेरीतल्या लोकांनी हा सिनेमा कधीच तोडला होता. मोठ्या पिक्चरआधी भरीला म्हणून एकेक गोष्ट एकेका पेटीत घातली, काम झालं की विसरले. एक तुम्हाला परतवाड्याहून आलेल्या पेटीच्या तळाशी सापडली, एक बाळापूरच्या. नावांची पट्टी तर कोणी कधी कापून टाकली देव जाणे. सातही एकत्र यायला तुम्हाला अठरा वर्षं लागली.

तुमच्या मुलाचं आणि तुमचं यावरून वाजायचं. हे बडनेऱ्याला रेल्वेत, डोकं रुळासारखं सरळ. दोन खोल्यांच्या घरात सात डबे आणि एक मशीन म्हणजे पलंगाखाली धान्याची कोठी ठेवायला जागा नाही. "बाबा, नावाजलेली कार्टुनं सीडीवर भेटते. याले नाव नाई, गाव नाई. हे जमवून काय करता?" तुम्ही पोळीचा तुकडा मोडत सांगितलंत, "नाववाल्याले सारी दुनिया सांभायते. याले आपल्याबिगर कोन हाय?" मी ताटात भाजी वाढत होते. खरं सांगते, मी मनातून नवऱ्याच्या बाजूची होते. म्हातारपणी पोरखेळ, असंच वाटायचं मला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव, पण सासऱ्यापुढं तेवढं गिळलं.

मग एका दुपारी तुम्ही मला खिडकीशी बोलावलंत. हातात म्हातारीच्या गोष्टीची फिल्म, दुसऱ्या हातात भिंग. "हे पाय, सूनबाई. म्हातारी नुसती मागं वयून पायते. मोज." मी मोजायला लागले. पहिल्या चित्रात तिची हनुवटी सरळ. दुसऱ्यात केसाएवढी फिरलेली. तिसऱ्यात कानातला डूल हलला. मान पूर्ण वळेपर्यंत एकवीस चित्रं झाली, आणि पडद्यावर ते सगळं एक सेकंदही टिकत नाही. कोणीतरी बसून एकवीस वेळा तीच म्हातारी काढली होती, प्रत्येक वेळी डुलासकट, कोणी पाहणार नाही हे माहीत असून. दूध उतू गेलं तरी मी खिडकीतून हलले नाही. त्यानंतर मी पोरखेळ हा शब्द पुन्हा वापरला नाही, आणि रविवारी हे ड्यूटीवर असताना तुम्ही भिंतीवर सिनेमा लावलात की सतरंजी मीच अंथरायला लागले.

आणि त्या प्रेमातूनच मी तुमचा घात केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं. उन्हाळा होता, गच्चीवर माझं वाळवण चाललं होतं. कुरडया, मिरच्या, वर्षाची तूर. डब्यांतून आंबट वास यायला लागला होता, पाचव्यातून सगळ्यात जास्त. आपल्याकडं कशालाही वास लागला, कीड लागली, ओल आली, तर एकच औषध: ऊन दाखवा. माझ्या आईनं गाद्यांना दाखवलं, लोणच्याच्या बरण्यांना दाखवलं, तान्ह्या मला दाखवलं. मी पाचवा डबा वर नेला. फिल्म सगळी उलगडली, ओल्या फडक्यानं हातभर-हातभर करत नीट पुसली, आणि खाटेवर, मिरच्यांच्या शेजारी, मे महिन्याच्या उन्हात पसरली. तुम्ही डोळे तपासायला गेला होतात. म्हटलं, परत येतील तेव्हा खूश होतील.

तुम्ही वर आलात तेव्हा फिल्म भाजल्या पापडासारखी वळली होती. चित्रांचा थर सुटून खाटेच्या नवारीला चिकटला होता. तुम्ही खाली बसलात, एक टोक उचललंत, त्या गुळगुळीत बोटांमधून दोन हात फिल्म सरकवलीत आणि थांबलात. मी बडबडत होते. वास येत होता, मला वाटलं, आमच्याकडं असंच करतात. तुम्ही आवाज चढवला नाही. "मिरच्यायले ऊन पायजे, सूनबाई. चित्रायले नाई." एवढंच. मग ते वेटोळं गोळा करून डब्यात ठेवलंत, झाकण लावलंत, आणि फाटक्या फिल्मच्या डब्यावर एरवी लिहायचात तसं त्यावर खडूनं काही लिहिलंही नाही. मला तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

तुम्ही दर थंडीत खेड्यांतल्या शाळांमधून हा सिनेमा दाखवत फिरायचात; त्यानंतरच्या थंडीत मी तुमच्याबरोबर पहिल्यांदा बाळापूरकडच्या एका गावी आले. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एकटं सोडायचं नाही असं घरात ठरलं होतं. ती वर्षं अशी होती की बाळापूरकडं जा नाहीतर चांदूर बाजारकडं, गावात शिरताना आधी पारावरच्या माणसांचे चेहरे बघायची सवय लागली होती. शाळेच्या हेडमास्तरांनी आपल्याला फाटकातच थांबवलं. आठ दिवसांपूर्वी गावातला एक शेतकरी गेला होता, त्या वर्षांत जात होते तसाच. "पिक्चर लावनं बरं दिसन का?" तुम्ही जरा विचार केलात. "आवाज बंद ठेवतो. नुसतं पोरायले दाखवतो." बोलणं नव्हतंच त्या सिनेमात, संगीत होतं, तेही तुम्ही काढून टाकलंत.

भर दुपारी वर्गाच्या खिडक्यांना गोधड्या आणि ताडपत्री लावली. पोरं मांडी घालून बसली. सहा गोष्टी, मशीनच्या खरखरीशिवाय काही आवाज नाही. शिंपी नदी शिवायला बसला तेव्हा मागं कोणीतरी आल्याचं जाणवलं. मोठी माणसं एकेक करून आत येत होती, चपला बाहेर काढून, देवळात येतात तशी. भिंतीला टेकून उभी राहिली. कोणी हसलं नाही, कोणी खोकलं नाही. वाऱ्यानं म्हातारीचं लुगडं नेसलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं तोंडावर हात दाबला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती त्याच घरातली होती, हे मला नंतर कळलं. एवढी शांतता आणि एवढं एकटक बघणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मला आपण फार मोठ्या कशाच्यातरी जवळ उभे आहोत असं वाटत होतं, आणि ते काय आहे ते मला आजही धड सांगता येत नाही.

गोधड्या काढल्या तेव्हा दाराशी एक म्हातारी उभी होती. गेलेल्याची आई. तिनं पडद्याकडं बोट केलं. "हे कोनं काढलं?"

"माहीत नाई, माय," तुम्ही म्हणालात. "नाव कापल्या गेलं."

"हाताचं काम हाय," ती म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली.

जमवण्यासारखं आहे का, हा प्रश्न आपल्या घरात मग कोणी काढला नाही. मी त्या प्रवासाचं सांगितलं तेव्हा तुमच्या मुलानं धान्याची कोठी निमूट गच्चीच्या जिन्याखाली नेली.

तर ही पुण्याची पोरगी. महिनाभर तिनं कुठं कुठं विचारणा केली, परदेशातही, आणि मग डबे न्यायला परत आली. म्हणाली, काकू, हा सिनेमा कुठल्याच यादीत नाही, दुसरी प्रत कोणाकडं सापडत नाही, बहुतेक जगात एवढीच. मी खुर्चीवर बसले. आपल्या पलंगाखाली, मामाजी. फॉर्म भरताना तिनं पाचवा डबा उघडला आणि विचारलं, हे कशानं झालं. मी पटकन म्हणाले, "आला तेव्हाच तसा होता." ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा चेकिंगमध्येच सुटलं असणार," आणि तसं लिहून घेतलं. तुमच्या टेबलावरून. माझ्या तोंडानं. डबे गेले, आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

आज सकाळी तिला फोन करून सगळं सांगितलं. ओलं फडकं, खाट, मिरच्या. ते चेकिंगचं वाक्य आधी खोड, म्हटलं. ती पोरगी गुणाची आहे, रागावली नाही, फोन चालू असतानाच खोडते म्हणाली. मग म्हणाली, त्या वेटोळ्यातून तीन-चारच चित्रं वाचता आली. कौलारू छपरावर एक बकरी उभी आहे आणि खाली शिडी धरून एक बाई. "पण काकू, तुम्ही तर पाहिलीय ना पाचवी गोष्ट? आता ती पाहिलेलं दुसरं कोणी सापडायचं नाही. आठवेल तशी लिहून पाठवा, आम्ही तीच ठेवू." मी बरं म्हटलं. तेव्हापासून कागद घेऊन बसले आहे आणि तिच्याऐवजी तुम्हालाच लिहिते आहे. हे कुठंच पाठवता येणार नाही, ते मला कळतं.

गच्चीवर त्या दिवशी तुम्ही आणखी एक बोलला होतात. ते मी वर लिहिलं नाही, लिहवलं नाही. डब्याचं झाकण लावून तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "रडू नको. तुनं तं पायली ना पाचवी? मंग गेली कुठी? तुयापाशी हाय." आणि मी हो म्हणाले.

मामाजी, सहावी लागायच्या आधी तुम्हाला चहा लागायचा. चौथी संपली की मी उठायचे, आणि पाचवी चालू असताना स्वयंपाकघरात आलं कुटत असायचे. दर रविवारी. गच्चीवर पुसतानाही माझी नजर डागांवर होती, चित्रांवर नाही. एकदाही पाहिली नाही.

ती बकरी छपरावर गेली कशी? आणि उतरली का?