सरळ केलेले बूट

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार. (हा कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, आणि त्यातलं एक तुझी भावजय असेल, म्हणजे वर बोलणीही खावी लागतील.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे माझ्यापेक्षा तुझेच जास्त दुखतात असं तुझं म्हणणं आहे. तू मोठी, म्हणून मी वाद घालत नाही. पण तुला तीन जिने उतरवत नाहीत, मला ते चढवत नाहीत, तुझ्या इमारतीच्या मालकाला लिफ्ट बसवायची नाही, आणि आपण दोघं सख्खी भावंडं टोपली आणि दोरी यांच्या भरवशावर जगतो आहोत, हे काही बरं नाही. टोपलीतून पत्ते खेळायचा तुझा प्रयोग तर मी विसरलेलो नाही. वाऱ्यानं माझे दोन एक्के गटारात गेले आणि डाव तू जिंकलास.

तर मुद्द्याचं. तुझ्या भावजयीनं मला गुडघ्यांच्या एका दवाखान्यात नेलं. ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही, नुसते बूट घालून घरात चालायचं, एवढंच औषध. तिथल्या फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी (यांना मी बुटवाल्या बाई म्हणतो, तोंडावर नाही) मला अर्ध्या चड्डीत भर खोलीत चालायला लावलं आणि मागून कॅमेरा धरला. मग पडद्यावर मलाच मी दाखवला. ताई, आपण मागून इतके वाईट दिसतो हे आपल्याला साठ वर्षं कुणी सांगत नाही. बाई म्हणाल्या, गुडघा आतल्या बाजूनं झिजलाय, झिजलेलं परत येणार नाही, पण भार थोडा बाहेर सरकवला तर दुखणं कमी होऊ शकतं. हे त्यांनी इतक्या गोडीनं सांगितलं की मला तिथेच संशय यायला हवा होता.

बूट म्हणजे काय, तर प्रत्येक तळव्याखाली रबराचे दोन अर्धे चेंडू, एक टाचेखाली, एक चवड्याखाली. त्यावर उभं राहून घरातली नेहमीची कामं करायची. आता 'नेहमीची कामं' म्हणजे माझी नेहमीची, असं कुणालाही वाटेल. तुझ्या भावजयीला ती तिची वाटली. मी भांडी घासली, कपाटं पुसली, वाळत घातलेले कपडे काढून घड्या घातल्या, आणि जरा टेकलो की आतून आवाज यायचा, बूट घालून बसायचं नाही म्हणून सांगितलंय ना. पेशंट मी, आणि बरी तिची कंबर झाली.

आणि कारागिरी विचारू नकोस. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस मी, बूट हातात घेतले आणि डोकंच फिरलं. टाचेखालचा चेंडू बोटभर बाहेर सरकलेला, पुढच्याच्या खाली एका बाजूला पातळ चकती, डावा एक तऱ्हेचा, उजवा दुसऱ्या. एवढा नावाजलेला दवाखाना आणि फिटिंग असं? घरी आलो, लेव्हलपट्टी काढली (तीच, बुडबुड्याची), स्क्रू सैल केले, चकत्या काढून टाकल्या, चारही चेंडू बरोबर मधोमध बसवले आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत सोडलं नाही. असं काम त्यांच्याकडे कुणाला सात जन्मांत जमणार नाही.

त्यानंतर गुडघा असा ठणकायला लागला की भांडी घासताना माझ्या डोळ्यांत पाणी. मी तसाच दवाखाना गाठला आणि चांगलं फैलावर घेतलं. बाईंनी शांतपणे बूट उलटे केले आणि विचारलं, काका, याला हात कुणी लावला? मी म्हटलं, हात लावला नाही, दुरुस्त केलं. त्यावर त्या हसल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, वाकडं मुद्दाम बसवलं होतं, तुमच्या चालीचं माप घेऊन. जमीन वाकडी असली तर टेबलाच्या पायाखाली तुम्ही पाचर घालता की नाही? आता पाचरीबद्दल मला, माझ्याच धंद्यातलं, कुणी सांगावं, आणि तेही मी अर्ध्या चड्डीत उभा असताना? अपमान झाला तो झाला. त्यांनी पुन्हा कॅमेरा धरला, सगळं पुन्हा वाकडं केलं आणि स्क्रूंवर लाल रंगाचे ठिपके दिले, मी हात लावला तर कळावं म्हणून. घरात माझी स्क्रू ड्रायव्हरची पेटी आता तुझ्या भावजयीच्या कपाटात कुलपात आहे.

असा सगळा हा प्रकार आहे. माझ्या मते त्या बुटांत काही अर्थ नाही, आणि माझं हे मत बदलणार नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भावजय नमस्कार सांगते. तिनं हे पत्र वाचलं, आणि गुडघा आता पूर्वीइतका दुखत नाही हे मी का लिहिलं नाही म्हणून विचारते आहे. जागा उरली नव्हती.

पुन्हा ता. क. वरचं घरी लिहिलं. हे तुझ्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंच्या खुर्चीत बसून लिहितो आहे, म्हणून पेन्सिल. टोपली सोडू नकोस, मी खाली नाही. दोन जिने मी चढलो, कठडा धरून, मध्ये बराच थांबत, पण चढलो. तिसरा आज होत नाही. पत्र घेऊन बाई वर येताहेत, त्यांचा हात धर आणि तो एक जिना तू उतर. माझे बूट तुला चालणार नाहीत, ते माझ्या वाकडेपणाला जुळवलेत, तुझा तुला वेगळा मोजून घ्यावा लागेल. बुटवाल्या बाईंकडे तुझं नाव मी सांगून ठेवलंय, हवं तर रागाव. पण आधी ये. इतके दिवस खालून बघतो आहे, मला तुझी नुसती हनुवटी दिसते गं.