माझ्या म्हणून सांगितलेल्या ट्रॉफ्यांची व्यवस्था

मी, दीक्षा गुलाबराव गजभिये, वय अठ्ठावीस, खासगी शाळेत शिक्षिका, राहणार गुढ़ियारी, रायपूर, हा कागद माझ्या हाताने, माझ्या खोलीत बसून लिहीत आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही, दबावाखाली नाही. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं तसं म्हणता येत नाही. लहानपणच्या तापाने त्याची एक झडप खराब झाली, ती पुढच्या आठवड्यात बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. तरी त्यांनी संमतीच्या कागदांवर बऱ्याच सह्या घेतल्या. म्हणून माझ्याही बाजूने एक कागद असावा. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

वकील म्हणाले, हिंदीत लिहा, पुढे सोपं जाईल. पण हे आई-बाबांना वाचून दाखवावं लागेल, म्हणून मराठीत लिहिते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. रेशनपासून पेन्शनपर्यंत घरचे सगळे अर्ज मीच लिहिले, तेव्हा हाही मीच लिहिणार.

१. राहतं घर बाबांचं आहे. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये उभं आयुष्य काढून त्यांनी ते बांधलं. त्यावर माझा काही दावा नाही. माझी वरची खोली धाकटा भाऊ यशदीप आणि त्याची होणारी बायको रुचिता यांना लग्नानंतर द्यायची, असं घरात ठरलं आहे. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं.

२. माझी स्कूटी बाबांना द्यावी. गुडघे दुखत असताना त्यांनी सायकल चालवू नये. पुस्तकं आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बुद्धविहाराच्या वाचनालयाला द्यावीत. पदवीचं प्रमाणपत्र आईजवळ राहू द्यावं. तिला ते वाचता येत नाही, पण दर दिवाळीला ती त्याची काच पुसते.

३. माझ्या खोलीतल्या शोकेसमधल्या ट्रॉफ्या. याबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल.

माझा धाकटा भाऊ यशदीप सातवीत असताना शाळेतल्या मुलींचा नाच एकदा बघून घरी जसाच्या तसा करून दाखवायचा. मी त्याला पुरानी बस्तीत सौमित्र सरांकडे घेऊन गेले. सरांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात आहे आणि ते कथक शिकवतात. त्यांना वाटलं, मीच शिकायला आले. मी म्हटलं, "मी नाही सर, मला डॉक्टरांनी मनाई केली आहे. हा शिकेल." सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चप्पल काढ. उभा राहा." इतकंच. फी त्यांनी कधी घेतली नाही.

पाऱ्यातले पोट्टे यशदीपला 'परी' म्हणायचे. इकडच्या 'नाचा' या लोकनाट्यात जो पुरुष लुगडं नेसून नाचतो, त्याला परी म्हणतात. यशदीप घुंगरू टॉवेलात गुंडाळून न्यायचा. मी रोज त्याच्यासोबत चौकापर्यंत जायची आणि सांगायची, तू चूक करत नाहीस, हसणारे करताहेत. तो ऐकायचा. युवा महोत्सवात त्याचा पहिला नंबर आला, तेव्हा बाबा मिलच्या कपड्यांतच आले होते. शेजारच्या अनोळखी माणसाला हलवून म्हणाले, "माहा पोरगा हाय तो!" पुढे यशदीपला रेल्वेत नोकरी लागली, तीही सांस्कृतिक कोट्यातून. नाचून. आमच्या घरात पहिली कायम नोकरी नाचाने आणली, हे मी शाळेत किती जणांना सांगितलं असेल!

त्यानंतर विहाराच्या हॉलमध्ये आम्ही दर रविवारी मुलांचा वर्ग सुरू केला. फक्त मुलग्यांचा. लोक विचारत, काहून? कारण मुलगी नाचली तर टाळ्या मिळतात, मुलगा नाचला तर हसू. चित्र काढणाऱ्या मुलाला घरचे विचारतात, यानं पोट भरणार का? गाणाऱ्याला म्हणतात, आधी गणित कर. माझं मत असं, आणि ते मी असले-नसले तरी कायम राहील, की ज्या मुलाला आपला आनंद, आपला राग ठेक्यात सांगता येतो, त्याला तो कोणावर हात उगारून सांगावा लागत नाही. पण हे भाषणाने पटत नाही. मुलांना समोर एक धडधाकट, कमावता पुरुष नाचताना दिसावा लागतो. तो पुरुष माझा भाऊ होता. शिकवायचा तो, मी हजेरी घ्यायची आणि स्पीकर लावायची.

दिवाळीनंतर गोंदियाहून रुचिताच्या घरचे आले. त्या सकाळी आईने मला स्वयंपाकघरात धरलं.

"तू मधात बोलू नको हं. पाव्हणे जाईपर्यंत गप्प राय."

"काहून?"

"काहून म्हणजे? पोरीच्या बापाले काय सांगू, आमचा पोट्टा घुंगरू बांधून नाचते?"

"त्याच्यावरच तर नोकरी लागली त्याले."

"लागली ना? झालं मंग."

पाहुण्यांना वरच्या खोलीत बसवलं. रुचिताच्या बाबांनी विचारलं, "पोराले नोकरी कोणत्या कोट्यातून लागली म्हणता?"

"खेळाच्या," बाबा म्हणाले.

"कोणता खेळ?"

बाबांनी यशदीपकडे पाहिलं. यशदीप म्हणाला, "कबड्डी."

रुचिताचे काका खूश झाले. "अरे वा! मीबी खेळलो कबड्डी. रेडर का?"

"हव."

"वाटतेच! पाय पाहा ना पोराचे!"

ते पाय तत्कार, म्हणजे कथकचा पायांचा रियाज, करून झाले आहेत. रोज पहाटे, गच्चीवर, कित्येक वर्षं. मी पोहे आणायला खाली गेले.

ट्रॉफ्यांवर मात्र नाचणाऱ्या बाहुल्या आहेत, त्या कबड्डीत बसेनात. रुचिताच्या आईने विचारलं, "हे कोणाचे?" आई म्हणाली, "दीक्षाचे. लय नाचते आमची पोट्टी." मी तेव्हाच पोह्यांचा ट्रे घेऊन जिना चढून आले होते. छाती भात्यासारखी चालली होती. त्या बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "येवढी नाचते, अन् एका जिन्यानं धाप लागली?"

सगळे हसले. यशदीपही हसला.

आई-बाबांचं मी समजू शकते. त्यांना भीती वाटते, सोयरीक मोडायची, चार लोकांची. पण यशदीपने आदल्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक ट्रॉफीवरची आपल्या नावाची पट्टी काढली होती. त्या पट्ट्या मला कचऱ्याच्या डब्यात सापडल्या. म्हणजे ते घाईत तोंडातून निघून गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तू हसला काहून?"

"दीदी, सब हँस रहे थे. मैं क्या करता?"

"अन् रविवारचा वर्ग?"

"अब नहीं होगा मुझसे. उनके रिश्तेदार इसी पारे में हैं. समझा कर ना."

म्हणून लिहून ठेवते: वरील सर्व ट्रॉफ्या माझ्या असल्याचं माझ्या घरच्यांनी पाहुण्यांसमोर, पूर्ण शुद्धीत सांगितलं आहे. यशदीप हजर होता, त्याने हरकत घेतली नाही. तेव्हा त्या माझ्या झाल्या. आणि माझ्या म्हणून मी त्या यशदीप गुलाबराव गजभिये याला देत आहे. नावाच्या पट्ट्या माझ्या कपाटात स्टीलच्या डब्यात आहेत. त्या आधी जागच्या जागी बसवाव्यात आणि मग ट्रॉफ्या रुचितासमोर त्याच्या हातात द्याव्यात. जिवंतपणी रुचिताला काही सांगणार नाही, असा शब्द आईने माझ्याकडून घेतला आहे. तो मी पाळत आहे. रुचिता मला भली मुलगी वाटली. तिला नाचाचं वावडं आहे का, हे कोणी तिला विचारलंच नाही.

४. घुंगरू मी पहिल्या पगारातून घेऊन यशदीपला दिले होते. त्याने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या दाराच्या कडीला अडकवून परत केले. ते आणि स्पीकर सौमित्र सरांना द्यावेत.

५. अंत्यविधी आपल्या रिवाजाप्रमाणे त्रिशरण-पंचशील म्हणून साधेपणाने करावा. शोकसभेत मी नृत्यात निपुण होते, असं कोणी म्हणू नये.

६. माझी सगळी बचत आणि वर्ग. आधी मनात होतं की दोन्ही यशदीपच्या हाती सोपवावं. आता तसं करत नाही. दोन्ही सौमित्र सरांच्या स्वाधीन करते.

वर्ग बंद पडला त्या रविवारी यशदीपने मुलांच्या ग्रुपवर लिहिलं, "पाय मुरगळला, क्लास बंद." संध्याकाळी मुलं घरी आली. पैसे गोळा करून त्यांनी मलमाची ट्यूब आणली होती. यशदीपने दार अर्धंच उघडलं, ट्यूब घेतली, थँक्यू म्हणाला. मुलं पायरीवर जरा वेळ घोटाळली. मग एकाने मला विचारलं, "दीदी, भैया का पैर कब ठीक होगा?"

मी सरांना भेटून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझं वय झालं, पण येईन. फक्त पोरं दादाचं विचारतील. त्यांना काय सांगू?" त्याचं उत्तर आज देते, आणि हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासूनच लागू समजावं.

सर, त्यांना खरं सांगा. पाय बरा आहे म्हणावं. दादाला अजूनही सुंदर नाचता येतं, पण त्याला लाज वाटते. मग विचारा, तुमच्यापैकी आणखी कोणाकोणाला वाटते? ज्यांनी हात वर केला, त्यांना पहिल्या रांगेत उभं करा.

वरचा मजकूर मी पुन्हा वाचला. रागाने लिहिलेलं एक वाक्य खोडलं आहे, तिथे माझी सही आहे. बाकी सगळं मला मान्य आहे.

(सही) दीक्षा गुलाबराव गजभिये

आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांना या कागदान्वये काही मिळणार नाही.
साक्षीदार: (सही) मीनल शेष, सहशिक्षिका, पुरानी बस्ती
साक्षीदार: (सही) अनिमेष रामटेके, शेजारी, गुढ़ियारी

ठिकाण: रायपूर
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५