चोवीस वर्षे न उघडलेले इंजिन

मी, मोटारसायकलचा मिस्त्री, वय वर्षे एकाहत्तर, राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. त्यात हृदयाबद्दल जे लिहिले आहे ते फारसे चांगले नाही, पण डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि दारू सोडून मला एकोणीस वर्षे झाली. याआधी मी कोठे काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे. विशेषतः रागाच्या भरात एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलेले, ज्यात "माझ्या सामानातला एक नटसुद्धा धाकट्या भावाला देऊ नये" असे वाक्य आहे. तो कागद सापडला तर फाडून टाकावा.

कलम १. राहत्या दोन खोल्या माझ्या मुलीला. तिला इंजिनाचा आवाज लहानपणापासून सोसत नाही, त्यामुळे तिने खोल्या विकल्या तरी माझा जीव अडकणार नाही. फक्त तिच्या आईच्या कपाटाला कोणी तेलकट हात लावू नये. मी स्वतः सदतीस वर्षे कोपराने दार उघडत आलो आहे. बँकेत जे काही आहे ते तिचेच. किती आहे ते बँकेला विचारावे, मला आठवत नाही.

कलम २. माझी सर्व हत्यारे फोरमनबाईला. हिचे वय चौतीस, गेली नऊ वर्षे माझ्याकडे काम करते, आणि फोरमन हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिले, कारण ती मलाही ओरडते. नट मोजून आवळायचा टॉर्क पाना तिने कोणालाही उसना देऊ नये. मागायला येईल त्याला माझे भूत दाखवावे.

हत्यारांबरोबर ती खालील गोष्टींनाही वारस आहे. तिला त्या येतात, तरी लिहितो, कारण माझे समाधान होते.

शर्यतीचे इंजिन किलोमीटरने म्हातारे होत नाही, तासांनी होते. म्हणून प्रत्येक इंजिनाची तासांची वही ठेवावी. तेल दर सहा तासांनी बदलावे, गिऱ्हाईक कितीही कुरकुरले तरी. टॅपेटची फट फिलर गेजच्या पातळ पट्टीने तपासावी, कानाने नव्हे. कान स्वतःवर खूश असतो. इंजिन थंड असताना ॲक्सिलरेटर पिळू नये. आणि फोमचा फिल्टर प्रत्येक फेरीनंतर धुवावा, वाळवावा, मग तेल घालून मळावा. कपडे पिळतो तसा पिळू नये, फोम फाटतो. कडेला ग्रीस लावल्याशिवाय बसवू नये. ही फिल्टरची पद्धत माझी नाही. कोणाची ते पुढे येईल.

आणखी एक. काम करताना कधीतरी हात थांबवून विचार करावा की आपण कशाला हात लावतो आहोत. मिनिटाला दहा हजार फेरे म्हणजे पिस्टन मिनिटात वीस हजार वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. थांबतो! एका सेकंदात तीनशेहून जास्त वेळा! मधे तेलाचा एक पापुद्रा, बस. पन्नास वर्षे मी हीच यंत्रे जोडली आणि आजही गाडी सुरू झाली की मला मनातून वाटते, बाप रे, हे चालते कसे?

कलम ३. समोरच्या लेथवाल्याला काही नाही. त्याला कारण माहीत आहे.

कलम ४. शेडच्या कोपऱ्यात खिळे ठोकलेले एक लाकडी खोके आहे. त्यातल्या इंजिनाबद्दल हे कलम आहे आणि ते लांबणार आहे.

चोवीस वर्षांपूर्वी आम्ही तिघे मिळून शर्यती करत होतो. गाडी चालवायचा तो टोळ. उड्या बघून लोकांनीच हे नाव ठेवले. इंजिन मी बांधायचो. फिल्टर, तेल आणि साखळी माझ्या धाकट्या भावाकडे. वरची फिल्टरची पद्धत त्याची. त्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीत कोरडी नदी, खडी आणि पिठासारखी बारीक धूळ होती. टोळ एकोणीस मिनिटांनी पुढे होता. शेवटाला अकरा किलोमीटर उरले असताना इंजिन बंद पडले.

गाडी टेम्पोतून परत आली. मी सीट काढली, फिल्टरच्या डब्यात बोट फिरवले आणि ते मातीने भरलेले बोट पन्नास माणसांदेखत भावाच्या नाकासमोर धरले. म्हणालो, "हे बघ. माती चारलीस माझ्या इंजिनाला."

तो म्हणाला, "दादा, ही फिल्टरच्या बाहेरची बाजू आहे. इथे धूळ असणारच. तू इंजिन उघड."

मी इंजिन उघडले नाही. उतरवले, खोक्यात घातले आणि खिळे ठोकले. म्हणालो, तुझ्या पापाचा पुरावा आहे, राहू दे.

त्या दिवसापासून लोक त्याला मातीमिस्त्री म्हणू लागले. शर्यतीची गाडी त्याच्या हातात पुन्हा कोणी दिली नाही. इतका हुशार हात, तो पाण्याचे पंप आणि गवत कापायची यंत्रे दुरुस्त करत बसला. त्याचे दुकान माझ्यापासून चार गल्ल्या पलीकडे. चोवीस वर्षांत मी त्या गल्लीत पाऊल टाकले नाही. माझी बायको म्हणायची, "अहो, तुमचंच खरं आहे ना? मग खोकं उघडायला भिता कशाला?" ती गेली, पण मी खोके उघडले नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांकडून आलो, तेव्हा वाटले, हे इंजिन कोणाला तरी द्यायचे तर साफ करून द्यावे. फोरमनबाईने खिळे काढले. इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, मी उतरवले.

धूळ आत गेली असेल तर कसे दिसते ते मी शेकडो वेळा पाहिले आहे. ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडे, आतून चारी बाजूंनी पॉलिश कागद मारल्यासारखा खरवडला जातो, रिंगा झिजतात, आत हवा घेणाऱ्या वाल्वच्या कडा खाल्ल्या जातात. मी बॅटरी धरून आत पाहिले आणि खरे सांगतो, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. नव्या ब्लॉकला आतून घासून पाडतात त्या होनिंगच्या तिरक्या रेघा समोर जशाच्या तशा होत्या. वाल्व कोरे होते. तीन तास चाळीस मिनिटे, म्हणजे जवळजवळ वीस लाख फेरे, त्या धुळीच्या लोटात, आणि आत मातीचा एक कण गेला नव्हता! असा फिल्टर मी आयुष्यात कोणाचा पाहिला नाही, माझा तर नाहीच. फोरमनबाईने बॅटरी घेऊन स्वतः पाहिले. म्हणाली, "हा फिल्टर ज्यांनी बसवला त्यांच्या पाया पडायला पाहिजे."

मग मी ब्लॉक उतरवून फिरवला. एका बाजूला, फक्त एकाच बाजूला, वरून खाली नख रुतेल एवढी खोल चीर होती. पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारी पिन सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेची एकेक कडी बसवतात. आम्ही तिला लॉक म्हणतो. एका टोकाचे लॉक जागेवर नव्हते. पिन बाहेर आली होती आणि तिने ब्लॉक कापला होता.

लॉक बसवणे माझे काम.

आता जे लिहितो ते मी कोणालाच सांगितलेले नाही, बायकोलाही नाही. शर्यतीच्या आदल्या दुपारी मैदानावर ताडपत्रीवर बसून मी नवा पिस्टन घातला. एका बाजूचे नवे लॉक पक्कडीतून निसटले आणि टणकन उडून खडीत गेले. अर्धा तास शोधले. एकदा काढलेले लॉक पुन्हा घालू नये, त्याचा ताण गेलेला असतो, हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ माणसालाही माहीत असते. पण नवशिक्यासारखे लॉक उडवले हे सांगायची मला लाज वाटली. मी जुने घातले आणि वरून ब्लॉक चढवला.

विसरलो होतो असे लिहिणार होतो. ते खोटे होईल. इंजिन बंद पडल्याचे कळले त्याच क्षणी मला ते लॉक आठवले होते, आणि म्हणूनच माझे बोट इतक्या घाईने फिल्टरच्या डब्यात गेले. माझ्या सख्ख्या भावाचे नाव मी मातीत घातले. पिन ब्लॉक कापत असतानाही इंजिन काही किलोमीटर ओढत राहिले असले पाहिजे, तेही त्याने घातलेल्या स्वच्छ तेलाच्या जोरावर. माझी चूक तो तेव्हाही सांभाळत होता. मला याची शरम वाटते. मी मेल्यावर हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

कलम ५. गॅरेज, शेड, जागा आणि पाटीसह, माझ्या धाकट्या भावाला. चोवीस वर्षांचे हे मोल नव्हे, पण माझ्याकडे याहून मोठे काही नाही. फोरमनबाईने त्याच्या हाताखाली राहावे.

येथपर्यंत लिहून मी कागद फोरमनबाईला वाचायला दिला. तिने वाचला आणि माझ्यासमोर आपटला. "म्हणजे तुम्ही मरणार, मग हे वाचणार. तुम्ही सुटलात. आणि त्यांनी भांडायचं कुणाशी? फोटोशी?" मी म्हटले, मला तोंड दाखवायची हिंमत नाही. ती म्हणाली, "नका दाखवू. बसा पाठ करून. मी आणते त्यांना." आणि खरोखर गाडीला किक मारून गेली.

पुढचे त्याच दिवशी घडले, आणि ते मृत्युपत्रात येणे भाग आहे, कारण त्याने मृत्युपत्र बदलले.

भाऊ आला. केस पार पिकलेत. तो येण्याआधीच टोळ येऊन बसला होता, त्याला मी साक्षीसाठी बोलावले होते. मृत्युपत्र तपासायला वकीलबाईही आल्या होत्या. भावाने कोणाकडे पाहिले नाही. उभ्यानेच कलम चार वाचले. मग ब्लॉक उचलून खिडकीपाशी नेला, आत पाहिले, चिरेवरून अंगठ्याचे नख फिरवले.

"जुनं लॉक घातलंस?"

"हो."

"आणि नवं?"

"उडालं. खडीत. शोधलं मी."

त्याने ब्लॉक टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मला एक हाक मारायची होतीस, दादा. ती उडतातच. म्हणून मी कायम दोन जादा ठेवायचो. खिशात होती माझ्या."

मी रडलो. एकाहत्तर वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडला हे लिहिण्यात कमीपणा वाटत नाही. टोळ भावाला म्हणाला, "आणि मी इतकी वर्षं तुला बघून रस्ता बदलत होतो रे."

डोळे पुसून मी भावाला कलम पाच दाखवले. म्हटले, गॅरेज तुझे. त्याने मान हलवली. "नको."

"अजून राग आहे?"

"आहे. तो काय लगेच जातोय? पण कारण ते नाही. मी गॅरेज घेतलं तर लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याकडून लिहून घेतलं. गॅरेजही घेतलं आणि नावही धुऊन घेतलं." मग वकीलबाईंना विचारले, "साक्षीला कोण लागतं?"

त्यांनी सांगितले, दोन माणसे लागतात. मात्र ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीला सही करू नये. केली तर त्याला दिलेले रद्द होते.

"मग मीच सही करतो," तो म्हणाला.

मी हट्ट केला, दुसरा साक्षीदार शोधू म्हटले, शेजारचे शिंपी आहेत म्हटले. तो म्हणाला, "दादा, आजवर प्रत्येक वेळी तुझंच ऐकलं. आज माझं ऐक." मी हट्ट सोडला. चोवीस वर्षे लोकांनी ज्याला मातीमिस्त्री म्हटले तो माणूस एवढी मोठी वास्तू एका सहीसाठी सोडत होता. मातीचा कण न लागलेल्या त्या ब्लॉककडे मी जसा थक्क होऊन पाहत राहिलो होतो तसाच त्याच्याकडे पाहत राहिलो.

म्हणून कलम ५ मी स्वतःच्या हाताने खोडले आहे व खोडल्याजागी आद्याक्षरे केली आहेत.

कलम ६. गॅरेज फोरमनबाईला. ब्लॉक आणि पिस्टन तिने न धुता, न घासता, येणाऱ्याला दिसतील असे पुढच्या टेबलावर ठेवावेत. कोणी विचारले तर कोणाचे काम चांगले आणि कोणाचे वाईट ते स्पष्ट सांगावे.

कलम ७. कलम चारची प्रत उद्या सकाळी शटरवर लावावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये. लेथवाला वाचून हसला तरी चालेल.

हे सर्व मी वाचून, समजून, स्वखुशीने लिहिले आहे. एकूण पाने चार, प्रत्येक पानावर माझी सही आहे.

ठिकाण: गॅरेजची मागची खोली
दिनांक: अकरा फेब्रुवारी, दुपारी सव्वाचार
सही: (मोटारसायकल मिस्त्री, लिहून ठेवणार)

साक्षीदार पहिला: त्या शर्यतीत गाडी मी चालवत होतो. मृत्युपत्र माझ्यासमोर वाचले गेले व माझ्यासमोर सही झाली. शर्यत हरल्याचा दोष मी चुकीच्या माणसाला दिला, हे मीही येथे लिहून देतो.
सही: (टोळ)

साक्षीदार दुसरा: लिहून ठेवणारा माझा सख्खा मोठा भाऊ. त्याने हे पूर्ण शुद्धीत लिहिले आहे. मला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. सही करताना कागद सरकत होता, म्हणून तो मी धरला होता. सही त्याचीच आहे.
सही: (धाकटा भाऊ, धंदा: पंपदुरुस्ती)