गणपत, तू घोटभरही घेतली नाहीस

गणपत, दोस्ता,

काल लाकूडडेपोच्या मुनशीनं आऱ्याच्या दुसऱ्या टोकाला नवा माणूस दिला, म्हणून हे लिहायला बसलो. इतके दिवस तुझी जागा रिकामी होती. मी डेपोत लाकडं उलटवायचो, साली काढायचो, आणि मनाला वाटायचं की तू कुठं पाहुणा गेला आहेस, येशील. काल ती जागा भरली.

माणूस वाईट नाही. हात चांगला आहे त्याचा. पण दुपारी भाकर सोडताना त्यानं कमरेची शिशी काढली, एक घोट घेतला आणि माझ्यापुढं धरली. "घे ना बे, अंग दुखत असंल." मी नाही म्हणालो, तर त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "तू त्या गणपतचा दोस्त न? सोडली अन् मेला, तोच ना?"

ऐकलंस? तुझी ही ओळख उरली आहे. सागवानाचा एवढा मोठा ओंडका रेघेवर सरळ कापणारा गणपत कोणाला आठवत नाही. दारू सोडून मेलेला गणपत सगळ्यांना माहीत आहे, तुला न पाहिलेल्यांनासुद्धा!

आज बाजाराचा दिवस. आरा बंद, घरचे बाजाराला गेलेले. चौथीपर्यंत शिकलो ते आज कामाला येऊन राह्यलं, असं समज.

तुला तुझं लग्न आठवतं का रे? कसं आठवणार! आम्ही सांगितलं तेवढंच तुला ठाऊक. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडं वरात गेली, आणि तू, मी अन् सोमा सकाळपासूनच प्यायला लागलेलो. मिसरूड फुटल्यापासून तिघं संगंच प्यायचो, मग त्या दिवशी कोण थांबणार होतं? अंतरपाट खाली आला तेव्हा तू हार हातात धरून हळूहळू खाली बसलास आणि तिथंच झोपलास. कोणी तोंडावर पाणी मारलं. तू गोड हसलास आणि कूस बदललीस.

मग कौसल्येनं डोक्यावरचा पदर स्वतःच्या हातानं मागं सारला आणि भर मांडवात म्हणाली, "बाबा, मले हा नवरा नाई पायजे."

तिचा मामा हात उगारून धावला. तिच्या बापानं तो हात वरच्या वर धरला. वाजंत्री थांबली. आम्ही तुला उचलून बैल जुंपलेल्या खासरात टाकलं आणि नवरीशिवाय परत आलो.

गावात सगळे तिलाच शिव्या घालत होते. बाईची जात अन् एवढी जीभ! तू मात्र गोठ्यात बसून होतास. तिसऱ्या दिवशी बोललास, "पोरगी बरोबर बोलली. मी पोरगी असतो तं मी बी माह्यासंग लगीन नसतं केलं." मला हसू आवरेना. तू हसला नाहीस.

"महादू, पिलो तिघं. सोडू बी तिघंच. एकट्यानं नाई होत मले."

एकट्यानं नाही होत. तुझेच शब्द आहेत हे. मग आता मी काय करू, सांग ना?

सोमाची पंचाईत वेगळी होती. त्यांच्या गोंडाच्या घरात देवापुढं मोहाची धार धरल्याशिवाय कुठलंच काम होत नाही, मूल जन्मो की माणूस जावो. त्याला वाटलं, सोडली तर देव कोपेल. तू सरळ त्याच्या आजाला जाऊन विचारलंस. म्हातारा चिलीम खाली ठेवून सोमावरच ओरडला, "देवाले थेंबभर लागते! तुले कोनं घडाभर प्यायले सांगतलं?" त्या दिवशी सोमा तुझ्या मागं मागं लहान लेकरासारखा आला आणि तिघांनी मिळून सोडायची शपथ घेतली.

दिवे लागायच्या वेळी पाय आपोआप भट्टीकडं वळायचे, म्हणून तीच वेळ तू धरलीस. तुझ्या अंगणात अंबाडीचे झुबके टाकलेस आणि आम्हाला दोर वळायला बसवलंस. तुझी माय गुळाचा काळा चहा करायची. पहिल्या दिवसांत सोमाच्या हाताला असा कंप सुटायचा की चहा अर्धा मांडीवर! मला घाम फुटायचा, उलट्या व्हायच्या, तुमच्या दोघांचाही जीव घ्यावासा वाटायचा. तू दोराचं टोक घट्ट धरून म्हणायचास, "पीळ दे. मले मंग मार. आधी पीळ दे." किती दोर वळले आपण! गावात एक बैल राहिला नसेल ज्याच्या गळ्यात आपला दोर नाही.

एकदा मी चोरून जायला निघालो होतो. तू रागावला नाहीस, थांबवलं नाहीस. नुसता माझ्या बाजूनं चालत राहिलास, भट्टीच्या कुंपणापर्यंत. तिथं म्हणालास, "चाल, तू जाशीन तं मी बी येतो." मी परत फिरलो. तुला माझ्यामुळं पडताना पाहवलं नसतं मला. हे तुला आधीच ठाऊक होतं ना? लबाडा!

लाकडाच्या वर तू, खाली खड्ड्यात मी. आरा ओढताना दुसऱ्याचा हात कळतो. पूर्वी मला आऱ्यातून तुझं कालचं सगळं कळायचं: किती घेतली, झोपलास की नाही, मायशी भांडलास का. सोडल्यावर तुझा ओढा असा सरळ येऊ लागला की मुनशी पाहायला थांबायचा. मला वर बघता यायचं नाही, डोळ्यांत भुसा जायचा. पण तू गुणगुणतोस ते ऐकू यायचं.

चैतात चांद्याला महाकालीच्या जत्रेला गेलो. तिथून परत आलो तेव्हा सोमा आश्चर्यानं म्हणाला, "अरे, मले पुरी जत्रा आठवून राह्यली!" किती हसलो होतो आपण! खरं सांगू? तेवढा आनंद मला नंतर झालेला नाही. होईल असंही वाटत नाही.

आणि पावसाच्या आधी तू कौसल्येच्या गावी गेलास. मी अन् सोमा नदीच्या घाटावर डोंग्यापाशी बसून राहिलो. तू तिच्या बापाच्या दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "लगनाचं बोलाले नाई आलो. माफी मांगाले आलो." पाण्याचा गडवा तिनंच आणून दिला म्हणे. बाप म्हणाला, "दिवाळी होऊ दे. मंग पाहू." तू हे सांगताना नदीकडं तोंड करून बोलत होतास. लाजत होतास रे तू!

दिवाळी झाली, गणपत. दिवाळी झाली.

पाऊस उघडल्यावर ठेकेदारानं तुला आतल्या जंगलात तोडीवर पाठवलं आणि तू हिव घेऊन आलास. गोधड्यांवर गोधड्या टाकल्या, तरी खाट खडखडायची. सगळ्या गावाचं एकच म्हणणं: जंगलातल्या तापाला मोहाची द्या, उतरते. तुझी माय वाटी घेऊन उशाशी बसली. "अवशद म्हनून घे रे बाप्पा. मी माय सांगतो, तुले पाप नाई." तुझे दात वाजत होते. तशात तू म्हणालास, "माय, अवशद असतं तं मी येवढी पिलो, मले ताप आलाच नसता." आणि भिंतीकडं तोंड केलंस.

आजूबाजूचे हसले. माय हसली नाही. वाटी हातात धरून ती तशीच बसून राहिली.

मी तुझ्यावर रागावलोय ते याच्यासाठी. एक घोट घेतला असतास, तर काय झालं असतं? तू वाचला नसतास, हे मला माहीत आहे. पण मायचं मन राहिलं असतं! तुझा हट्ट तुझ्यासंग गेला. वाटी तिच्या हातात राहिली, ती अजून तिच्या हातातच आहे.

मग तुला खासरात घालून मूलच्या दवाखान्यात नेलं. रस्ता चिखलाचा, सोमा बैलांना हाका मारून मारून घसा बसवून घेत होता. तुझी लघवी काळी व्हायला लागली होती, डोळे हळदीसारखे. शुद्ध गेली होती, पण हात चालूच होते, आरा ओढल्यासारखे, वर खाली, वर खाली. "महादू, तिरपा जाऊन राह्यला," म्हणालास. मी म्हणालो, "नाई बे, सरळच आहे." ते आपलं शेवटचं बोलणं.

दवाखान्यात पोचलो आणि दुसऱ्या सकाळीच तू गेलास. डॉक्टर म्हणाला, कुनैन फार आधी मिळायला हवं होतं. मी विचारलं, "दारू पाजली असती तं?" तो चिडला. "दारूनं हा ताप जात नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हणालो, "सगळ्याईनं." तो पुढच्या रोग्याकडं वळला.

हे ऐकणारा मी एकटाच होतो. सोमा बाहेर बैलांपाशी होता. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "दागदराचं लेकरू होतं का थे?"

कौसल्येच्या घरी मीच गेलो सांगायला. बाप ओसरीत डोकं धरून बसला. ती दारात उभी होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "पिले होते का?" मी म्हणालो, "नाई. घोटभर बी नाई." तिनं मान हलवली आणि आत गेली. आता तिचं दुसरीकडं ठरलं आहे. बरंच झालं, नाही का?

तेराव्याला सोमानं घेतली. मी अडवायला गेलो, तुझ्यासारखाच बाजूनं चालत गेलो कुंपणापर्यंत. म्हणालो, "तू जाशीन तं मी बी येतो." तो म्हणाला, "ये." आणि आत गेला. तुझी युक्ती माझ्या हातून चालत नाही, गणपत. मी बाहेर उभा राहिलो. बाहेर आल्यावर तो रडून म्हणाला, "मी त्याच्यासाठी सोडली होती. तो नाई, तं कोनासाठी?"  तुला याचं उत्तर आलं असतं का?

तुझ्या अंगणात गेलो तर मायनं दार ओढून घेतलं. आतून म्हणाली, "तुमच्या शपथेनं माहं लेकरू नेलं. इथी येऊ नोको." मी वळलेले दोर तिथंच खुंटीवर आहेत. मी आता जात नाही.

मी घेतलेली नाही अजून. पण यात काही मोठेपणा आहे असं समजू नको. जीभ तुटते माझी. काल त्या शिशीचा वास संध्याकाळपर्यंत आऱ्यातून खाली येत होता आणि मी खड्ड्यात तोंड उघडं टाकून उभा होतो, कुत्र्यासारखा. तिघांनी मिळून उचललेलं एकट्याच्या खांद्यावर आलं आहे. किती दूर नेईन? मला वाटतं, फार दूर नाही.

म्हणून सोडल्याची शपथ मी तुझ्यापुढं पुन्हा घेत नाही. खोटी ठरेल आणि तुला तिथंही मान खाली घालावी लागेल. वचन एवढंच देतो. "सोडली अन् मेला" असं ज्याच्या तोंडून ऐकीन त्याला थांबवीन, मग तो नवा गडी असो, मुनशी असो, सोमा असो, की तुझी माय. मी तेव्हा शुद्धीत असलो तर नीट सांगीन. आणि भट्टीच्या कुंपणाशी चिखलात लोळत असलो, जीभ वळत नसली, लोक हसत असले, तरी तोंड वर करून सांगीन: गणपत तापानं गेला. पिऊन नाही, सोडून नाही. तापानं.

तुझा,
महादू