फोटोखालचं नाव

१८ नोव्हें. २००२, कळमनुरी
लीड्सहून लिंडाचं पत्र. नर्सेस होस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. वीस वर्षांनी बाईला आठवण झाली ती आपल्या पंकवाल्यांची, त्या आरडाओरडा करत गाणाऱ्या पोरांची! त्यांच्यावर पुस्तक निघतंय. सुरुवातीच्या कार्यक्रमांतला फोटो सापडलाय. पुढच्या रांगेत मी. साडी, केस पिंजारलेले, तोंड उघडं. पाकिटात फोटोची प्रत आणि एक फॉर्म. त्यावर सही करायची, फोटोखाली छापायचं नाव लिहायचं. नाहीतर 'अनोळखी स्त्री' छापणार.
ह्यांना वाटतं, मी तिथं ड्यूटी केली आणि झोपले. रविवारी पुसेगावचे पाहुणे शुभूला पाहायला येणार. नेमकं आत्ताच...

२० नोव्हें.
वॉर्डात दिवसभर तेच डोक्यात. पहिल्यांदा लिंडाबरोबर त्यांचं गाणं ऐकायला गेले तर त्या पोरांचे शर्ट फाटके, जागोजागी पिना. वाटलं, गरिबाची लेकरं. पर्समधून सुईदोरा काढून गाणाऱ्याला म्हटलं, दे, शिवून देते. हसून लोळली सगळी. मग माझ्या बांगडीतल्या पिना मागून घेतल्या. तेव्हापासून दर शनिवारी मला पुढं जागा. गुत्त्यामागची खोली, वीसेक माणसं, कान फुटेल असा दणका. शब्द कळायचे नाहीत, पण ओरडायला मिळायचं. तेवढं मोकळं नंतर कधी... जाऊ दे.

२२ नोव्हें.
पाकीट गादीखाली ठेवलं होतं. शुभूनं गादी उन्हात टाकली.
"आई, ही कोण?"
"लिंडाची मैत्रीण."
"लई खुश दिसून राहिली."
पोटच्या पोरीशी खोटं बोलले. लाज वाटली.

२४ नोव्हें.
पाहुणे आले. मुलाची आई म्हणे, "सिस्टर, तुमी विलायतेत ऱ्हायलेल्या. पोरगी साधी हाय ना?"
हे लगेच, "आमच्या बाई तिथं दवाखाना सोडून कुठं गेल्या न्हाईत."
चहा सांडला नाही, एवढंच. निरोप आठवड्यात.

२७ नोव्हें.
युक्ती सुचली. लग्नात ह्यांनी माझं नाव वैशाली केलं. फोटोखाली माहेरचं लिहावं, सुमन. पुसेगावात कुणाला माहीत? साप मरेल, काठीही मोडणार नाही. लिहिलं. आणि रडूच आलं. ते नाव किती वर्षांनी माझ्या हातून लिहिलं गेलं.

२९ नोव्हें.
निरोप नाही. फॉर्म शुभूच्या हाती लागला.
"सुमन तर मामा तुला म्हणतो."
मी भाकरी थापत राहिले.
"काय ओरडून राहिली होतीस, आई?"
"आठवत न्हाई."
हसली. फॉर्म पाकिटात घालून डिंक लावला. तेवढ्यात ह्यांची स्कूटर दारात. पाकीट ओढणीखाली धरून तिनं माझ्याकडे पाहिलं, टाकू का पोस्टात, असं. मी मान हलवली. पाकीट तसंच घेऊन ती कॉलेजला गेली. मान कशी हलली, हो म्हणून की नको म्हणून, ते माझं मलाच सांगता येत नाही.