गेटजवळची दोन एकर

बिशान, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. प्रबोध यास,
अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इथे ठीक आहोत. सुचित्राच्या गुडघ्याला आराम पडला असेल, अशी आशा करते. जिने चढू नकोस म्हणावं तिला. तू आणून देत जा काय हवं ते.

शिकारीच्या कॅम्पवरच्या आपल्या बंगल्यामागची पायरी आठवते का तुला? नाताळच्या सुट्टीत मी हॉस्टेलवरून आले की आपण दोघं तिथे संत्र्यांचं पोतं घेऊन बसायचो. बिया कोण लांब थुंकतो याची शर्यत. तू पायरीवरून जवळजवळ खाली पडेपर्यंत पुढे वाकायचास आणि म्हणायचास, "वाकायचं नाही असं कुठं ठरलंय?" आतून आई ओरडायची, "अगं, मुलीची जात, आणि थुंकतेस काय अशी!" आणि तू लगेच, "आई, कॉन्व्हेंटात शिकवतात तिला!" अशाच एका दिवशी कॅम्पवर पाहुणे नव्हते, जीप नव्हती, काहीच घडलं नव्हतं. म्हणूनच तो दिवस मला आवडतो.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "ताई, तू फक्त सही कर, बाकी मी बघतो," इतकंच म्हणतोस, आणि ते इतक्या प्रेमाने म्हणतोस की पुढे बोलायला जीभ रेटत नाही. म्हणून हे पत्र. यात मध्येच बोलता येत नाही.

तुझं कुरिअर जुलैत मिळालं. हक्कसोडपत्र मी वाचलं, दोनदा. सालईटोल्याच्या चार एकरांतला माझा हिस्सा मी राजीखुशीने, काही मोबदला न घेता भावाला सोडते, असं त्यात आहे. भाषा चांगली आहे. आपल्या आत्यानेही असाच कागद केला होता. तेव्हा आई म्हणाली होती, बहिणीने साडीचोळीवर समाधान मानावं, म्हणजे माहेर राहतं. ते मी विसरलेले नाही. हे पत्र लिहायला मला दोन महिने लागले, ते त्यामुळेच.

त्या जमिनीवरचा तुम्हा दोघांचा बेत मला माझ्या सारंगने दाखवला. गेल्या वर्षअखेरीस एका रविवारी जेवणं झाल्यावर त्याने टीव्हीला लॅपटॉप जोडला. मला वाटलं, कुठल्या सहलीचे फोटो असतील. पाहते तर पहिल्याच चित्रात आपले बाबा! खाकी कपडे, हातात टोपी, शेजारी कोणी गोरा पाहुणा. खाली लिहिलेलं, 'वसंतराव शिकार कॅम्प'. वीस तंबू, पोहण्याचा तलाव, जेवणाच्या तंबूत तुझ्या हॉलमधलं वाघाचं डोकं. सारंगच्या ओळखीचे इथले दोघे-तिघे पैसे घालायला तयार आहेत. आणि संध्याकाळी पाहुण्यांसाठी खास कार्यक्रम, हाका. गावची माणसं डबे आणि ढोल वाजवत झाडीतून येणार, पुढे चाकांवरचा खोटा वाघ पळणार आणि पाहुणे मचाणावर ग्लास घेऊन बसणार.

अनिश सोफ्यावर लोळत होता. नऊ वर्षांचा आहे, पण कान टवकारलेलेच. मला म्हणाला, "आजी, यू सॉ द रिअल वन ऑर नॉट?"

म्हटलं, पाहिलाय. खरा हाकाही पाहिलाय. पाहिलाय म्हणजे ऐकलाय. बंगल्याच्या व्हरांड्यात आई माझी वेणी घालत होती आणि लांबून तो आवाज येत होता. आवाज थांबला की आईचे हात थांबायचे. गोळी झाली की पुन्हा वेणी सुरू. एकदा वेणी तशीच राहिली. वाघाने गोळी लागल्यावर मागे वळून हाकेवाल्यांतल्या एकाला धरलं होतं. मडावी आडनावाचा माणूस. त्याचा हात गेला, जीव वाचला. पाहुण्याने चांगलं बक्षीस दिलं आणि वाघ घेऊन गेला.

तू तेव्हा लहान होतास. तुला आठवणार नाही.

मी बाबांना दोष देत नाहीये, प्रबोध. माझी हॉस्टेलची फी, तुझी सायकल, ती चार एकर, सगळं शिकारीच्या कंपनीच्या पगारातून आलं. बाबांच्या शर्टाला येणारा तेलाचा आणि उन्हाचा वास मला अजून कधीतरी भर बाजारात येतो आणि मी थांबते. शिकार बंद झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. सिस्टरने वर्गात सांगितलं, गॉडच्या लेकरांना आता कोणी मारणार नाही. आम्ही सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही. सुट्टीत घरी आले तर आपल्या अंगणात गावची माणसं बसलेली. हाका नाही, तंबूंची कामं नाहीत, पाणी भरणं नाही. बाबांना विचारत होते, "आता काय करायचं मालक?" पुढे अभयारण्य झालं, मोह वेचायला जायची वाट बंद झाली, आणि वाघ वाढले तसे गुरं मारायला लागले. वाघ वाचला याचा मला आनंद आहे. पण त्या टाळ्या वाजवताना वर्गातल्या कोणालाच माहीत नव्हतं, वाघ वाचवायची किंमत कोण देणार आहे ते.

आता एक सांगायचं आहे. इतका वेळ टाळत होते.

जानेवारीत मी आले होते. तुला न सांगता. सारंगला सांगितलं, पुण्याला मैत्रिणीकडे चाललेय. नागपूरच्या विमानतळावर उतरले आणि टॅक्सीवाल्याला धरमपेठ टाळून घे म्हटलं. तुझ्या गल्लीचं वळण दिसलं असतं तर मी उतरले असते, तू दारात "ताई!" म्हणून ओरडला असतास, सुचित्राने ताट वाढलं असतं, आणि जेवण उरकायच्या आत मी तुला हव्या त्या कागदावर सही करून दिली असती. तेव्हा कागद नव्हता, पण तुझ्या बोलण्यावरून तो येणार हे मला कळलं होतं. आधी मला जमीन स्वतः पाहायची होती. तुझ्या डोळ्यांनी नाही, सारंगच्या टीव्हीवरही नाही.

मी अरुणाकडे राहिले. अरुणा मडावी, त्या हात गेलेल्या माणसाची धाकटी मुलगी. आपल्या जागेत, अभयारण्याच्या गेटसमोर, चहाचं दुकान चालवते ती. तू तिला 'ती कटकटी बाई' म्हणतोस. आहेच कटकटी. माझ्याकडून गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे घेतले तिने. म्हटलं, "अगं, मी वसंतरावांची मुलगी."

"मंग तुमाले तं परवडते," म्हणाली.

गावातल्या सहा-सात घरांनी एकेक खोली पाहुण्यांसाठी काढली आहे. बायकांची संस्था आहे, अरुणा तिची अध्यक्ष. सकाळी अंधारात सफारीच्या जिप्स्या आपल्या रिकाम्या जागेत उभ्या राहतात, पाहुणे तिथेच चहा पितात, तिथेच खोल्यांची चौकशी करतात. संस्थेचं सगळं दुकान म्हणजे आपली ती दोन एकर. ती गेली तर पाहुणा गेटमधून निघून थेट तुमच्या तंबूत. गाव त्याला दिसणारसुद्धा नाही.

तुमच्या बेताची कुणकुण तिला आधीच लागली होती. चुलीपुढे बसून मला विचारलं, "ताई, खरं सांगा, हाका पुन्हा सुरू होणार म्हणते?"

"खेळ म्हणून," मी म्हटलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"माहा बाप हाक्यात लुला झाला. आता माह्या पोरानं त्याची नक्कल करावं?" मग हसली. "पगार किती देणार हाये पण?"

मलाही हसू आलं. मग ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते. "तुमच्या बाबानं वाघ साहेबाले देल्ला. सरकारनं टूरिस्टले देल्ला. आमाले कोणी पुसलं का, की बाई, तुले वाघ पायजे का नाही? म्या म्हटलं असतं, पायजे. पण भाव मी सांगन."

प्रबोध, ती देवी नाही. तिच्या संस्थेतही भांडणं आहेत, दोन घरांनी तर तिच्याशी अबोला धरला आहे. तिलाही एसीची खोली हवी आहे आणि तिच्या दुकानातला लाउडस्पीकर ऐकून वाघ शेजारच्या जिल्ह्यात जात असेल. पण भाव सांगण्यासाठी माणसाला उभं राहायला जागा लागते. त्या जागेत अर्धा हक्क माझा आहे.

सारंगशी हे बोलले तेव्हा तो आधी शांतपणेच बोलला.

"आई, तू इमोशनल होतेयस. गावाला चाळीस नोकऱ्या मिळतील."

"कसल्या?"

"हाउसकीपिंग, गार्डन, किचन. आणि तो इव्हिनिंगचा प्रोग्रॅम."

"आणि अरुणाचं दुकान?"

"तिलाही अकोमोडेट करू ना."

"मला माझ्याच गावात कोणी अकोमोडेट करतो म्हणालं असतं, तर हातातला झारा फेकून मारला असता मी."

तो हसला. मी हसत नाही म्हटल्यावर थांबला. म्हणाला, होमस्टेमध्ये परदेशी माणूस दोन रात्रींवर राहत नाही, मग गावात पैसा येणार कसा? त्याचं हे म्हणणं खोटं नाही. मी तसं त्याला सांगितलंही. पैसे घालणारा माणूस वाईटच असतो असं मी मानत नाही, माझा मुलगाच त्यातला आहे. पण ज्याच्या हातात वाट असते, त्याच्याशीच लोक समोर बसून बोलतात. बाकीच्यांना नुसतं कळवतात.

त्यानंतर सारंग माझ्याशी कामापुरतंच बोलतो. भार्गवी मधल्यामध्ये चहा करत राहते, बिचारी सूनबाई. इथे राहायचा माझा पास सारंगच्या नावावर निघतो, हे त्याने बोलून दाखवलं नाही. तसा तो मुलगा नाही. पण पुढल्या वर्षी त्याची मुदत संपते, आणि ते मी विसरलेले नाही. नाही वाढला तर नागपूरला एक खोली बघेन. सदुसष्टाव्या वर्षी माणूस नवीन घर करू शकतो. आपली आई तर त्याहून मोठी असताना नागपूरला आली आणि महिन्याभरात सगळ्या भाजीवाल्यांना नावाने ओळखायला लागली होती.

मागच्या आठवड्यात मी कागद साक्षांकित करायला आपल्या भारताच्या हाय कमिशनमध्ये जाऊन आले. एकटीच, एमआरटीच्या गाडीने. पर्समध्ये दोन कागद होते, तुझा आणि गोंदियाच्या वकीलबाईंनी पाठवलेला. खिडकीत नंबर येईपर्यंत मी दोन्ही मांडीवर ठेवून बसले होते. खोटं नाही सांगत, तुझा कागद वर होता. नंबर पुकारला तेव्हा मी खालचा काढून दिला.

तर सही झाली आहे, प्रबोध. तुझ्या कागदावर नाही. माझ्या हिश्श्याची वाटणी करून घेण्याचं आणि बक्षीसपत्र करण्याचं मुखत्यारपत्र मी वकीलबाईंना दिलं आहे. हे तुला कोणा तलाठ्याकडून कळू नये, माझ्याच अक्षरात कळावं, म्हणून आज लिहायला बसले. मला समजवायला फोन करू नकोस. रागवायला कर.

आता कोणाला काय द्यायचं, ते लिहून ठेवते.

रस्त्यालगतची, गेटसमोरची दोन एकर अरुणाच्या संस्थेला. ती पुढे विकता येणार नाही, एवढी एकच अट मी घातली आहे. ती अट ऐकून अरुणा माझ्याशी अर्धा तास भांडली, पण शेवटी मान्य केली. मागची दोन एकर, विहिरीसकट, तुझी. पाणी दोघांना. तिथे लॉज बांधायचं असेल तर जरूर बांध. त्याला रस्ता संस्थेच्या जागेतून जाईल, तेव्हा कागद घेऊन तिच्याकडे जावं लागेल. चहाचे पैसे ती घेईल, आधीच सांगून ठेवते.

वाघाचं डोकं कुठल्याही तंबूत लावायचं नाही. त्याच्या परवान्यावर बाबांनंतर तुझं नाव आहे, म्हणून मी फक्त विनंती करू शकते. वनखात्याला देऊन टाक. लॉजला बाबांचं नावही देऊ नकोस. ही मात्र विनंती नाही.

बाबांची दुर्बीण माझ्याकडे इथे आहे. ती चैत्रालीला. तुझी लेक पक्षी बघायला जाते ते तुला वेळ घालवणं वाटतं, पण ती मला फोटो पाठवते आणि नावं विचारते. अर्धी मला येत नाहीत. बँकेच्या लॉकरमधल्या आईच्या पाटल्या भार्गवीला, ती सध्या कोणाच्याही बाजूची असली तरी. माझी चांदीची वाटी अनिशला. त्याला ती आत्ता नको असेल, पण पुढे लागेल.

मला भाऊबीजेच्या दिवशी अर्धा तास. तिकीट काढलं आहे. या वेळी टॅक्सी सरळ तुझ्याच दाराशी येईल. तू पाटावर बसायचंस, मी ओवाळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाहीस, आणि ताटात काहीही घालायचं नाहीस. मग भांड हवं तितकं. मी चार दिवस राहणार आहे.

तुझी,
उर्मीताई